दोन मजले

मोडलेल्या बोटाच्या व्यायामासाठी आलेला शिंपी दवाखान्यातल्या बाकावर बोट वाकवत बसला होता. शेजारी बहीणभाऊ बोलत होते.

"दादा, आज बाबा दोन मजले चढले."

"काहीतरीच! अर्धं अंग लुळं पडलंय त्यांचं."

"व्यायाम घेणाऱ्या बाई सांगत होत्या. महिनाभर चढताहेत."

"महिनाभर? अगं, मी रोज त्यांना उचलून न्हाणीघरात नेतोय! कंबरडं मोडलंय माझं."

"मी विचारलं बाबांना."

"मग?"

"म्हणाले, दादाला सांगू नकोस. मिसरूड फुटल्यापासून तो माझ्याजवळ आला नव्हता."

शिंप्याचा व्यायाम थांबला.

दार उघडलं. चाकाच्या खुर्चीतून म्हातारा बाहेर आला. मुलगा कितीतरी वेळ त्याच्या पायांकडे बघत राहिला. मग वाकला.

"चला बाबा. टाका हात गळ्यात."