विसरू नये म्हणून चालू ठेवलेला कॉम्प्युटर

पोरांच्या लॅपटॉपला कशाला नावं ठेवता? माझा पहिला कॉम्प्युटर बघायला हवा होता. रबरी बटणं, स्वतःचा पडदा नाही, टीव्हीला जोडायचा. आणि लाइट गेली की शिकवलेलं सगळं विसरायचा. कॅसेटवर साठवता यायचं, पण माझ्या टेपरेकॉर्डरचा पट्टा ढिला. त्यातून परत काहीच यायचं नाही. म्हणून मी तो कधी बंदच करत नसे.

तेव्हा मी धुळ्याला, देवपुरात एकटाच खोली घेऊन राहायचो. एकदा दोन दिवस चोपड्याला लग्नाला गेलो. नळाचं पाणी भरायला किल्ली घरमालकीण अक्कांकडे ठेवली. परत येऊन बघतो तर कॉम्प्युटर कोरा!

"मीच मेन बंद कया," अक्का म्हणाल्या. "हात लावा तं चटका बसना. जळी जाई ना रे भाऊ!"

माझा चेहरा बघून त्या दारातच बसल्या. "काय व्हतं त्यामा? कालेजनं काम?"

"नाही अक्का. संध्याकाळी आलो, टीव्ही लावून कुठलंही बटण दाबलं, की पडद्यावर विचारायचा, जेवलास का?"

"मंग तू काय सांगे?"

"हो म्हणायचो."

"आन जेवेल राहे का?"

"बहुतेक वेळा नाही."

अक्का भडकल्याच. "मशीनलेबी खोटं सांगस? 'नही' सांगाले काय व्हयनं तुले?"

कॉम्प्युटरला शिकवताना, मी 'नाही' म्हटल्यावर त्याने पुढे काय म्हणायचं, तेच मला सुचलं नव्हतं.