मागे फिरवलेला तास

(ॲडलेड, एप्रिल २००९. रविवारची सकाळ. हॉस्पिटलच्या खोलीत पलंगावर स्वरदा, शेजारच्या पाळण्यात पहाटे जन्मलेली तिची मुलगी, खुर्चीत तिचा आणि तिचा नवरा नचिकेतचा फ्लॅटमेट सिद्धार्थ.)

स्वरदा: हात दाखव इकडे. पेनने हे काय लिहून ठेवलंयस? जन्म दोन अठ्ठावन्न, रडली दोन एक?

सिद्धार्थ: बरोबर आहे ते.

स्वरदा: बरोबर कसं? जन्मायच्या आधी तासभर पोटातच रडली का? तू घरी जाऊन झोप बघू. काल पिझ्झाच्या शिफ्टवरून थेट मला घेऊन इथे आलायस, डोकं चालत नाहीये तुझं.

सिद्धार्थ: अगं, आज घड्याळं मागे गेली ना. डेलाइट सेव्हिंग संपलं. पहाटे तीन वाजले की पुन्हा दोन करायचे. ऑक्टोबरात घेतलेला तास परत देतात.

स्वरदा: हो की! विसरलेच. म्हणजे खरं तर ती तीन वाजून एक मिनिटाला... थांब. मधे तीन मिनिटं?

सिद्धार्थ: आता मस्त आहे ती. डॉक्टर तुझ्यासमोरच बघून गेली ना?

स्वरदा: सिद्धार्थ, तीन मिनिटं ती रडली नाही? मला तर वाटलं लगेच रडली.

सिद्धार्थ: तू शुद्धीत होतीस कुठे.

स्वरदा: सगळं सांग. दुपारच्या बसने नचिकेत येईल. द्राक्षं तोडायला गेला आणि पोरगी तीन आठवडे आधी आली, म्हणून आधीच रडकुंडीला आलाय. त्याला मी काय सांगू?

सिद्धार्थ: निळी होती गं. निपचित. तिला कोपऱ्यातल्या टेबलावर नेलं. चार जणं तिच्यावर वाकलेली. कोणाचा आवाज नाही. इथे उठसूट सगळे 'नो वरीज' म्हणतात, तेव्हा कोणीच म्हणालं नाही. मला त्याचीच भीती वाटली.

स्वरदा: आणि तू?

सिद्धार्थ: मी काय करणार? भिंतीला चिकटून उभा. लहानपणापासून पाठ असलेली बुद्धवंदना, तीसुद्धा आठवेना. समोर ते लाल आकड्यांचं घड्याळ. दोन एकोणसाठ झाले. आणि मग तीन झालेच नाहीत, स्वरदा. दोन झाले. आपोआप! शपथ, काटा आला अंगावर. कळत होतं सगळं, सरकारी नियम आहे, दर वर्षी होतं. तरी वाटलं, हिला कोणीतरी अख्खा तास दिला. घे म्हणाला, अजून वेळ आहे.

स्वरदा: बाप रे.

सिद्धार्थ: पण माझ्या मनगटावर तीनच वाजलेले. ते बघवेना. चावी ओढली आणि मोठा काटा उलटा फिरवायला लागलो. हळूहळू. म्हटलं, हा फेरा पूर्ण होईपर्यंत हिने रडायचं. अकरा, नऊ, सहा, तीन... बाराच्या अलीकडे आलो आणि थांबलो.

स्वरदा: का?

सिद्धार्थ: फेरा संपला आणि ती रडलीच नाही तर?

स्वरदा: मग?

सिद्धार्थ: तसाच उभा होतो, चावी चिमटीत धरून. आणि तेवढ्यात ओरडली. असली ओरडली! चारही जणं हसायला लागली. मग काटा जागेवर नेला, हातावर लिहिलं आणि बाहेर जाऊन रडलो.

स्वरदा: इकडे ये. बस इथे, माझ्याजवळ... अरे, फोन. आई आहे, सांगलीहून. स्पीकरवर टाक.

लता: स्वरदा, कशी आहेस गं? झोप लागली का? हे बघ, गुरुजी येऊन बसलेत. जन्मवेळ सांग पटकन. मिनिट चुकलं तरी पत्रिका चुकते.

स्वरदा: आई, वेळा दोन आहेत.

लता: दोन कशा? जुळी झाली की काय?

सिद्धार्थ: काकू, मी सिद्धार्थ. तुमच्याकडच्या वेळेने काल रात्री नऊ अठ्ठावन्नला जन्म. दहा वाजून एक मिनिटाला रडली.

लता: मधे तीन मिनिटं?

सिद्धार्थ: हो काकू. श्वास घेत नव्हती.

लता: अगं बाई... तुमच्यात पत्रिका बघत नाहीत ना रे?

सिद्धार्थ: नाही. पण तुम्ही बजावलं होतं, मिनिट चुकवू नकोस. म्हणून बघत राहिलो.

लता: दहाला मी इथे ओटा पुसत होते. निवांत. मला काही म्हणजे काही जाणवलं नाही रे.

स्वरदा: मी तर तिथेच होते आई. मलाही नाही कळलं.

लता: गुरुजी, आज राहू द्या. पत्रिका नंतर बघू... स्वरदा, फोन तिच्या तोंडाशी धर.

स्वरदा: झोपलीय गं ती. आत्ताच डोळा लागलाय.

लता: झोपलेल्या लेकराला उठवू नये, मीच सांगत असते सगळ्यांना. पण उठव तिला. एकदा रडू दे. मला ऐकायचंय.