सरीतली मेथी

(मार्गासनीच्या शिवारात, उसाच्या बांधावर. दुपार. सुलक्षणा आणि तिचा धाकटा दीर धनाजी. सासूचा, बाळाबाईंचा, दहावा काल झाला.)

सुलक्षणा : उसातली मेथी तुमी उपटलीत, भावजी?

धनाजी : व्हय.

सुलक्षणा : सगळी? दहा दिवस सुतकात मी रानात आले न्हाई, तर सऱ्या मोकळ्या.

धनाजी : खड्डा काढून पुरली.

सुलक्षणा : पुरली कशाला? शेळीला टाकायची.

धनाजी : शेळीला कशी टाकू, वैनी.

सुलक्षणा : भावजी, हिकडं बघा. का न्हाई टाकायची?

धनाजी : तुमी म्हायेरी गेला हुता, पासलीला. त्या सोमवारी म्या उसाचं एक बेट वडून बघितलं. अलगद हातात आलं. खाली मुळ्याच न्हाईत. नुस्ती हुमणी. एकेका बुडाशी चार-चार पांढऱ्या अळ्या.

सुलक्षणा : मला काय सांगता. पंधरा दिवस मीच डब्यात येचत हुते.

धनाजी : येचून किती सरंल? अर्धा ऊस पिवळा पडलेला. म्या दुकानातनं दाणेदार औषध आणलं. सऱ्यांत टाकलं, वरनं पाणी सोडलं.

सुलक्षणा : मेथी उभी असताना.

धनाजी : व्हय.

सुलक्षणा : मी बोलले हुते तुमाला. आधी मेथी निघू द्या, मग काय टाकायचं ते टाका.

धनाजी : बोलला हुता.

सुलक्षणा : बुधवारी मी माघारी आले. तुमाला चा मीच दिला. तवा का न्हाई सांगितलंत?

धनाजी : तुमी चिडाल म्हणून. म्हटलं, मेथी काढायला आठ दिस हायेत, सांगू सवडीनं. गुरुवारी सकाळीच म्या भोरला गेलो. तुमी भाजी आणाल हे मनातबी आलं न्हाई.

सुलक्षणा : आत्याबाईंनी मागितली. तोंडाला चव न्हाई म्हणाल्या, कवळी मेथी लसूण घालून कर.

धनाजी : नका सांगू, वैनी.

सुलक्षणा : ऐका. दोन भाकऱ्या खाल्ल्या त्यांनी. मला म्हणाल्या, तूबी बस. म्हटलं, माझा गुरुवार हाय. तासाभरात तोंडातनं लाळ, अंगाला घाम. टेम्पोत डोकं माझ्या मांडीवर हुतं. नसरापूरचा दवाखाना यायच्या आधीच गेल्या. डॉक्टर म्हणाले, औषध पोटात गेलंय. तवापास्नं जो तो एकच इचारतो, सासूनं खाल्लं, मग सुनंनं का न्हाई खाल्लं?

धनाजी : माझ्याबी कानावर येतं.

सुलक्षणा : ह्यांनी दहा दिवसांत माझ्या हातचं पाणी घेतलं न्हाई. शेजारच्या सखूबाईकडनं डबा येतो. तुमी ह्यांच्या शेजारी बसून तोच डबा खाल्लात.

धनाजी : खाल्ला.

सुलक्षणा : पोलीस आले त्या दिवशी कुठं हुता?

धनाजी : हितं. ते तुमाला इचारत हुते, तवा म्या मेथी उपटत हुतो.

सुलक्षणा : आन् मी तिकडं एकटी जबाब देत हुते.

धनाजी : म्या मुद्दाम न्हाई केलं, वैनी. माझी आई हुती ती.

सुलक्षणा : औषध टाकलंत ते मुद्दाम न्हाई, हे मला कळतं. पण लोक माझं नाव घेत हुते आन् तुमी गप बसलात, ते मुद्दाम.

धनाजी : दादाला तुमीच सांगा. माझी जीभ उचलायची न्हाई.

सुलक्षणा : माझं कोण खरं मानंल?

धनाजी : दादा माझं तोंड बघायचा न्हाई परत.

सुलक्षणा : न बघू दे. आधी ह्यांना सांगा, मग पोलीसपाटलाला. दोघांनाबी तुमच्या तोंडानं.

धनाजी : कुठं हाय दादा?

सुलक्षणा : ओसरीवर.

धनाजी : संगट येता?

सुलक्षणा : येते. पण जेवायला बसले असतील. जेवून होऊ द्या त्यांचं, मग बोला.