चार वेळची पेंड

गुरांच्या दवाखान्यात माझ्या शेजारच्या बाकावर एक म्हातारा आणि त्याची धाकटी बहीण बसली होती.

"काय म्हणाले डॉक्टर, दादा?"

"मी सकाळी एकदम पेंड घालतो ना, ती मेंढ्यांच्या अंगीच लागत नाही. तिच्यातला बराचसा कस मुतातून जातो. म्हणून गोठ्यात त्या वासानं डोळे चुरचुरतात."

"मग आता?"

"तेवढीच पेंड दिवसातून चार वेळा, थोडी थोडी घाला म्हणाले."

"वहिनी होत्या तेव्हा तशीच तर घालायच्या!"

"हो ना. बोलता बोलता उठायची आणि ओंजळभर पेंड घेऊन निघायची."

"तू किती चिडायचास!"

"मला वाटायचं, माझ्याजवळ बसायचा कंटाळा येतो तिला."

"मग विचारायचं होतंस."

"विचारलं होतं गं. 'चला की माझ्याबरोबर गोठ्यात,' एवढंच म्हणायची."