जांभळीखालचं भूत

हातातला चहा खाली ठेवा, टोपी नीट करा आणि ऐका. समस्त पर्यटकांस कळवण्यात येतं की बेळगावच्या शहरी वनात एक भूत राहतंय, ते सरकारमान्य आहे, आणि त्याचा जन्मदाता तुमच्यासमोर बसलाय.

हसताय व्हय? हसा. आमचं गाव बेळगुंदीच्या वाटेवर, आता गाव कुठलं, शहरानं चारी बाजूंनी मिठी मारलीय. जन्म तिथलाच, तरणेपण फाउंड्रीत भट्टीसमोर गेलं, फाउंड्री बंद पडली आणि त्याच सुमाराला गावाबाहेरचं देवाचं रान शहरी वन झालं. काय सांगू तुम्हाला, दारावर कमान, आत फरशीची वाट, झाडांना पाट्या, आणि पुण्याच्या, हुबळीच्या लोकांना फिरवायला माणूस पाहिजे म्हणून मला घेतलं. मराठी, कन्नड, हिंदी, तिन्हीत माझं तोंड चालतं. झाडं पाणी धरतात, धूर गिळतात, शहर गार ठेवतात असं सांगायचं, मग माकडाची नक्कल करायची. लोक लई खूश.

एका जांभळीपाशी तेवढा मी थांबत नव्हतो. आमच्यात दात यायच्या आधी गेलेलं लेकरू जाळत न्हाईत, पुरतात, आणि गावाची असली लेकरं त्या रानात आहेत. आमची पोरगी जांभळीखाली आहे. नुकती पालथी पडायला लागली होती, ताप आला, गेली. बाईमाणसानं तिकडं जायचं न्हाय, पण आमच्या हिला जागा कशी कळली कोण जाणे, त्या झाडाचं जांभूळ तिनं कधी तोंडात घातलं न्हाय. आम्ही दोघं त्यावर कधी बोललो न्हाय.

तर एक दिवस वनखात्याचे साहेब आले, म्हणाले, आप्पा, ह्या जांभळीपाशी मनोरा करू, लोक वर चढून फोटो काढतील, पाया खणायला लागंल. खरं सांगायला तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं. म्हटलं, साहेब, इथं बाई दिसते, हिरव्या लुगड्यातली, पाय उलटे. रंगात आलो, डोळे फिरवले, तिचा आवाज काढून दाखवला. वाटलं, घाबरून दुसरी जागा बघतील. साहेबांनी टाळीसाठी हात पुढं केला, वा आप्पा, ह्येच कमी होतं बघा आपल्याकडं, मनोरा इथंच. लगेच पाटी लागली, भूत बघायला गाड्या यायला लागल्या, आणि ज्या झाडापाशी थांबत नव्हतो तिथंच उभा राहून मी टाळ्या घ्यायला लागलो.

मनोरा आता उभा आहे, जाऊन चढा. मी अजून खाली भूत सांगतो, देव सगळ्यांची लेकरं जगवो. पण त्या बुधवारचं सांगून टाकतो.

खणायचा दिवस बुधवार ठरला होता. आदल्या दिवशी, मंगळवारी, जत्रेआधी पाळतात तो वार, म्हणजे गावात कुणी मातीला कुदळ लावायची न्हाय, कामावर जायचं न्हाय. मीही घरी. त्या दिवशी पहिल्यांदा हिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, उद्या मी येते, माझ्या हातानं काढून घेते तिला, दुसऱ्या झाडाखाली ठेवू. आज काळजी न्हाय, वाराच्या दिवशी माती कोण हलवतंय?

सकाळी गेलो तर खड्डा तयार, आत सळया उभ्या. कडेला जेसीबीवाला बिडी ओढत बसलेला, बाहेरगावचा, त्याला आमचा वार काय ठाऊक. ही खड्ड्याच्या काठावर गेली, पदर खोचला आणि म्हणाली, दादा, इथं माझी पोरगी पुरलीय, काढलेली माती कुठं टाकलीस तेवढं दाखव, मी हातानं चाळते. मी असा शेजारी उभा, टोपी काढून हातात धरलेली. तो उठला, बिडी टाकली, हिच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि त्याच्या तोंडातून निघूनच गेलं, आक्का, ती तर कालच रस्त्याच्या भरावाला गेली की.