पांढरी चुंबळ

मी मूळची धारची, आणि संवत छप्पनचा तो मोठा दुष्काळ सरला तशी लग्न होऊन इथं देवासला आले. सासर बीडवाल्यांचं. बीड म्हणजे गवताचं सरकारी रान, मामंजी, म्हणजे माझे सासरे, त्याचे राखणदार, आणि दसऱ्याला वाड्यात घोडा पुजतात ना, त्याला पहिला भारा आमच्या घरचा, घरच्या सुनेनं डोक्यावरून न्यायचा. एवढाच आमचा मान, पण मामंजी त्यावर वर्षभर ताठ चालायचे.

माझा पहिलाच दसरा. काय सांगू तुम्हाला, त्या साली आश्विन लागला तरी रात्री उकाडा, वारा म्हणून नाही, आणि पहाटे दव मात्र मस्त. एरवी रात्री गार पडल्या की गवतावर तांबेरा जोर धरत नाही. त्या साली ऊब आणि ओल दोन्ही मिळाली, पानांच्या पाठी तांबडी भुकटी धरली, वरून गवत आपलं हिरवंगार. मामंजींना हे सगळं ठाऊक होतं हो, पण त्यांची नजर गेलेली, आणि ते कुणाला कळू द्यायचे नाहीत, राखणदारी जाईल म्हणून. नाल्याकाठचं उंच गवत हाताला लागलं तेच कापलं. भारा बांधताना माझे हात तांबडे झाले, सासूबाईंना दाखवले, तर म्हणाल्या, पूस पदराला आणि गप चल, नाहीतर त्यांना दिसत नाही हे जगाला कळायचं.

ऊन, घाम, आणि डोक्यावर तो भारा. वाड्याच्या चौकात उतरवला आणि बायका खुदकन हसल्या. भाऱ्याखाली डोक्यावर ठेवलेली पांढरी चुंबळ तांबडी, माझं कपाळ तांबडं, गळा तांबडा. घोडा फुरफुरून मागं सरला. घोडा धरलेला एक मोतद्दार ओरडला, अरे भिया, इनकी तो आज ही होली हो गई! मामंजी माझ्या शेजारी उभे, हळूच विचारतात, काय झालं गं? का हसतात?

तेव्हा सगळ्यांना कळलं, यांना दिसत नाही. मला वाटलं, धरणी पोटात घेईल तर बरं.

मान दुसऱ्या घरी गेला, राखणदारीही गेली. मामंजी पुढं कधी दसऱ्याला घराबाहेर पडले नाहीत, मीही नाही, हसतील म्हणून.

आता माझ्या मुलाला राखणदारी परत मिळालीय. यंदा थंडी लवकर पडली, गवत स्वच्छ, आणि मान परत घरी आला. तरी मी पान न् पान उलटून पाहिलं, मग सुनेला नवी चुंबळ दिली. भारा वाड्यात पोचवून हसत हसत आली पोर, देव तिला असंच ठेवो, आणि चुंबळ माझ्या हातात टाकली. पांढरीशुभ्र होती.

तरी मी ती धुतली.