खालची बोटभर पट्टी

अध्यक्षस्थानी असलेल्या आपल्या मेयर थेल्मा ब्रँटबाई, व्यासपीठावरचे आदरणीय रेव्हरंड लीथ, ज्यांच्या निरोपासाठी आपण या ग्रेंज हॉलमध्ये जमलो ते ‘हार्पविल क्लॅरियन’ या आपल्या दैनिकाचे संपादक विल्बर स्ट्रॅथर्नसाहेब, आणि घरची कामं टाकून आलेल्या हार्पविलकर बंधुभगिनींनो,

मला पाच मिनिटं दिली आहेत. “आयव्हीबाई, क्लेटनच्या चित्रपट्टीबद्दल चार गोड शब्द बोला,” असं साहेबांनी स्वतः फोन करून सांगितलं. बोलते. गोडाचं बघू.

एकोणीस वर्षं माझ्या नवऱ्याची ‘ओटिस आणि पर्ल’ तुमच्या सकाळच्या कॉफीबरोबर आली. आणि एकोणीस वर्षं तुम्ही मला किराण्याच्या दुकानात गाठून विचारलंत, “आयव्ही, आजचा विनोद काय होता गं?” चर्चच्या पायऱ्यांवर विचारलंत. दातांच्या डॉक्टरनं तर माझ्या तोंडात दोन्ही हात घालून विचारलं! मी काय सांगणार होते?

मग साहेबांनी स्पर्धा काढली, ‘ओळखा विनोद’. दर शनिवारी उत्तम खुलासा करणाऱ्याला बक्षीस म्हणून ग्रेटाच्या हॉटेलातला भट्टीतून काढलेला गोड रुबार्ब-पाय. अंक हातोहात संपू लागले. पहिलं बक्षीस आपल्या रेव्हरंडना मिळालं. आठवतंय ना, रेव्हरंड? चित्रात नवराबायको दाराबाहेर उभे. ओटिस म्हणतो, “कुलूप लावलंय, आता घरात माशीसुद्धा शिरायची नाही.” पर्ल विचारते, “किल्ली?” तो म्हणतो, “माझ्या खिशात.” संपलं. तुम्ही लिहिलंत, माणूस स्वतःच्याच आत्म्याबाहेर कुलूपबंद झाला आहे. काय सुंदर लिहिलं होतंत! क्लेटननं ते वाचलं आणि पुढ्यातली अंडी तशीच टाकून उठला.

खरी गोष्ट अगदी साधी होती हो. चित्राच्या तळाशी, बोटभर पट्टीत, त्यांचा कुत्रा असायचा. बार्नबी. सगळा विनोद त्याचा. पण टायरवाल्याच्या जाहिरातीला जागा हवी, म्हणून पान लावताना तेवढी पट्टी रोज कापली जायची. तुमच्यापैकी कोणी बार्नबीला तोवर कधी पाहिलंच नव्हतं.

क्लेटन भांडायला गेला. साहेब म्हणाले, “जाहिरात आहे बाबा, तू कुत्रा जरा वर घे.” घरी येऊन तो माझ्यावर तडकला, “कुत्रा जमिनीवरच असणार ना? छपरावर चढवू का त्याला?” पण चढवला बिचाऱ्यानं. एक आठवडाभर बार्नबी खुर्चीवर, टेबलावर, पर्लच्या हॅटवर. त्या आठवड्यात लोक हसले. आणि स्पर्धेला एकही पत्र आलं नाही.

साहेब, त्या शनिवारी तुम्ही माझ्या स्वयंपाकघरात, माझ्याच हातची कॉफी पीत म्हणालात, “क्लेटन, हे सगळ्यांना कळतंय रे. पहिल्यासारखं काढ. कळेल असं नको.”

पन्नाशीला टेकलेला माणूस, दुसरं काही येत नव्हतं. काढलं त्यानं. पण कापला जाणार हे माहीत असूनही बार्नबीला रोज काढायचा, आणि कागद तुमच्याकडे पाठवण्याआधी माझ्यापुढे धरायचा. अख्ख्या हार्पविलमध्ये मी एकटी हसत होते. तुम्ही सगळे त्याला गहन म्हणालात, तऱ्हेवाईक म्हणालात. “क्लेटनला विनोद कधी जमलाच नाही,” हे तर मार्चमध्ये, त्याला पुरून परतताना माझ्या कानांनी ऐकलं. कोण म्हणालं तेही मला ठाऊक आहे. नाव घेत नाही, समारंभ आहे.

आज मी ते किल्लीचं मूळ चित्र आणलंय. मेयरबाई, जरा धरता? बघा आणि पुढे द्या. तळाशी बघा. बार्नबी गुलाबाच्या वाफ्यात किल्ली पुरतोय, आणि वर मान करून ओटिसकडे कसा भाबडेपणानं बघतोय.

हो, हसा ना. मागच्या रांगेपर्यंत जाऊ द्या ते. रेव्हरंड, तुम्हीसुद्धा? मला वाटलं होतं, हे हसणं ऐकून बरं वाटेल. नाही वाटत. एवढा आवाज त्याला एकदा तरी ऐकायचा होता हो.

असो. स्ट्रॅथर्नसाहेब, तुम्हाला निवांत निवृत्ती लाभो. मला बोलावलंत, सगळ्यांनी शांतपणे ऐकलंत, मनापासून आभार. कुठे शब्द तिखट गेला असेल तर पोटात घाला. आणि माझं बोलणं कळलं नाही, असं मात्र कोणी म्हणू नका. या वेळी खालचं काही कापलेलं नाही.